थांबायचं ते दोघांनी

आजचे शास्त्रवाचन : उपदेशक ३:१-११



प्रत्येक गोष्टीला तिचा समय असतो, असे उपदेशक आज सांगतो. जन्म, मरण, रडणे, हसणे, हे आपण लगेच मान्य करतो. पण पाचव्या वचनात तो मिठीच्या आणि मिठीपासून दूर राहण्याच्या वेळेबद्दलही बोलतो. ते वाचलं की मला आमच्या कपाटाच्या दारामागचा तक्ता आठवतो.

दुसरं बाळ सिझेरियनने झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता दोन वर्षं तरी अंतर ठेवा." पत्नी बिलिंग्ज पद्धत नीट शिकून आली. जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर दांपत्याने ती विकसित केली. अंगावरच्या स्रावाची लक्षणं दिवसभर पाहायची, रात्री नोंद करायची. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं. पण पुरुषबीज पोषक स्रावात पाच दिवसांपर्यंत जगू शकतं. म्हणून त्या दिवसांत थांबायचं. बाळ अंगावर पीत होतं, पाळी परतली नव्हती, लक्षणं चटकन कळत नव्हती. थांबणं लांबत गेलं.

मी थांबत होतो, पण कुरकुरत. रोज रात्री एकच प्रश्न, "आज चालेल का?" एकदा तिने पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही तक्त्याची चौकशी करता. मी कशी आहे, ते कधी विचारलंत?"

मी गप्प झालो. ख्रिस्तसभेची शिकवण पाळतो याचा मला अभिमान होता. पण ओझं सगळं तिचं, आणि रुसवा माझा!

पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ रोजी दिलेल्या 'हुमाने विते' या परिपत्रकात जबाबदार पालकत्व पती आणि पत्नी दोघांवर सोपवलं आहे. संत पौलही करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:५) सांगतो की, दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने, काही काळ, प्रार्थनेसाठी; आणि मग पुन्हा एकत्र यायचं. माझं थांबणं संमतीचं नव्हतं, नाइलाजाचं होतं.

त्या रात्रीपासून नोंद मी करतो. ती सांगते, मी लिहितो. आधी विचारतो, "आज दिवस कसा गेला?" मग रोझरीचा एक दशक दोघं मिळून म्हणतो. वाट सोपी झाली, असं नाही. चिडचिड अजूनही होते. पण तिसरं बाळ हवं का, हा प्रश्नसुद्धा आता भीतीने नाही, त्या पेन्सिलीसोबत, मोकळेपणाने येतो.

पतींनो, आज रात्री पत्नीला एवढंच विचारा, "तू कशी आहेस?" आणि उत्तर पूर्ण ऐका.

प्रार्थना : हे प्रभू येशू, जवळ येण्यात आणि थांबण्यातही आम्हाला एकमेकांवर प्रेम करायला शिकव. एकाचं ओझं दोघांचं होऊ दे. आमेन.