बांधावरची वाट

वारकऱ्याला चालणे शिकवावे लागत नाही. पण पंढरीच्या वाटेवर पताका पुढे गेलेली असते, मुक्काम गाठायचा असतो. पाय टाळाच्या ठेक्यावर पडतात. सोबत्याशी दोन शब्द बोलत रमतगमत चालण्याचा लाभ निराळाच. ज्येष्ठ वद्यात आम्ही एका माळकरी स्नेह्याबरोबर नावड्याला खाडीच्या अंगाने खारबांधावरून असे चाललो, ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

नावडे हे पनवेल तालुक्यातले जुने गाव. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे या भागातील भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तरी खाडीकडे गेले की जुना बांध पायाखाली येतो. एका हाताला खारे पाणी, दुसऱ्या हाताला खाचर, मध्ये काळ्या चिखलाच्या ढेपांची ती वाट.

आमचे स्नेही शेतकऱ्याचे चिरंजीव. चालता चालता ते थांबले, वाकले आणि खेकड्याचे एक बीळ चिखलाने बुजवून पुन्हा चालू लागले. म्हणाले, "सवय जात नाही. बीळ लहानच असतं, पण भरतीचं पाणी त्यातून झिरपतं, आणि एखाद्या अमावास्येच्या उधाणाला खांड पडते."

एवढे बोलून ते गप्प झाले. मग म्हणाले, "माउली, माझ्या तीन आषाढ्या चुकल्या. दोन वर्षं आई अंथरुणावर होती. पुढे माघात ती गेली. तिसऱ्या वर्षी मोकळा होतो, तरी निघालो नाही. आता दिंडीत कोणत्या तोंडानं जाऊ?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. पुढे उघाडी होती, तिच्यापाशी बसलो. सज्जनहो, ही उघाडी पाहण्याजोगी असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तिची झडप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते. खाऱ्याला आत वाव नाही, आतल्याला बाहेर वाट आहे.

आम्ही विचारले, "खांड पडून शेतात खारे पाणी शिरले, तर तुमचे वडील शेत टाकून देत काय?"

"छे! आधी खांड बांधायची. मग पावसाचं गोडं पाणी खाचरात कोंडायचं. मीठ विरघळलं की ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं. लगेच पीक येत नाही. पण काही पावसाळे गेले की जमीन पुन्हा गोडी होते."

"मग तुमचे उत्तर तुम्हीच दिलेत," आम्ही म्हणालो. "पहिली दोन वर्षे खांड नव्हतीच. पुंडलिक मायबापांची सेवा करीत होता, म्हणून देवाला विटेवर उभे राहावे लागले. तुमच्या आईच्या उशाशी तुम्ही बसलात, तीच तुमची वारी. तिसरे वर्ष मात्र खांड खरी. आणि खांडीपेक्षा ही लाज अधिक खारी. तीच शेत पडीक ठेवते. जो पुंडलिकासाठी थांबला, तो तुमच्यासाठी थांबणार नाही काय?"

त्यांचे डोळे भरून आले. परतताना त्यांनी घरातल्या टाळांची दोरी बदलायला झाली आहे, एवढेच सांगितले. आम्हाला तेवढे पुरे झाले.

वाचकहो, नेम हा आपला बांध आहे. नामस्मरणातला एक दिवसाचा आळस, एक चुकलेली एकादशी, ही खेकड्याची बिळे. खारजमिनींसाठी 1979 साली महाराष्ट्रात कायदा झाला. परंतु बीळ दिसते ते बांधावरून पायी हिंडणाऱ्यालाच. म्हणून अधूनमधून आपल्या बांधावरून सावकाश चालावे. बरोबर एखादा सोबती घ्यावा; आपल्याला न दिसलेले बीळ त्याला दिसते. आणि खांड पडलीच असेल, तर रडत बसू नये. पाऊस जवळ आला आहे, आषाढीही जवळ आली आहे. बांध घालावा आणि निघावे.

रामकृष्णहरि!