राजाचा मुखवटा आणि क्रूस

वास्को द गामाच्या सफरीला चारशे वर्षे झाली म्हणून 1898 साली पोर्तुगालने चांदीची स्मारक नाणी पाडली. एका बाजूस राजा कार्लोस व राणी आमेलिया ह्यांचे मुखवटे. दुसऱ्या बाजूस क्रूस, आणि त्याभोवती ‘ह्या चिन्हाने तू जिंकशील’ ह्या अर्थाचे लॅटिन शब्द. पुढे 1998 साली, पाचशे वर्षांच्या निमित्ताने, 200 एस्कुदोंची नाणी निघाली. गोव्यात मात्र त्या उत्सवाला कडाडून विरोध झाला. असली नाणी आम्ही कॅथॉलिकांनी अभिमानाने जपावीत काय?

सफर धाडसाची होती, ह्यात शंका नाही. 8 जुलै 1497 रोजी लिस्बन सोडलेली गलबते 20 मे 1498 रोजी कालिकतनजीक पोहोचली. परंतु मालिंदीपासून पुढची वाट त्यांना दाखविली ती ह्या समुद्राची माहिती असलेल्या वाटाड्याने. ते ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधीत आले होते, आणि संत थोमाचे ख्रिस्ती तर मलबारात शतकानुशतके नांदतच होते. ह्याला ‘भारताचा शोध’ म्हणावे, हे आम्हांला कधीच पटले नाही. नांदत्या घराचा शोध लागत नाही. तेथे पाहुणा येतो.

प्रभू येशूपुढे कराचे नाणे आणले गेले, तेव्हा त्याने प्रथम मुखवटा कोणाचा ते विचारले आणि कैसराचे कैसराला देऊन देवाचे वेगळे काढले. 1898 च्या नाण्यात हे दोघे एकाच चांदीला पाठीशी पाठ लावून बसविले आहेत. आमची अडचण खरी येथे आहे.

कारण गामा 1502 साली पुन्हा आला. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे ‘मीरी’ हे जहाज त्याने मलबारच्या किनाऱ्याजवळ लुटून जाळले. स्त्रिया आपली तान्ही मुले उंच धरून दयेची याचना करीत होत्या, असे त्याच ताफ्यातील तोमे लोपेस ह्या पोर्तुगीजाने लिहून ठेवले आहे. आम्ही भिवंडीत राहतो. येथे शेजारी बहुतांशी मुसलमान, त्यांच्यातील कितीतरी घरांतून दरवर्षी कोणी ना कोणी हजला जाते. 1970 आणि 1984 च्या दंगली ह्या गावाने सोसल्या. येथे आमच्या कपाटात काय मिरविले जाते, ही केवळ आमच्या घरची बाब राहत नाही.

कोणी म्हणेल, त्याच जलमार्गाने आमच्या वसई-ठाण्याच्या पूर्वजांना श्रद्धा लाभली. हा कृतघ्नपणा नव्हे काय? कृतज्ञता आम्हांला मान्य आहे. परंतु देणगीबद्दल ऋणी असणे वेगळे आणि ती आणणाऱ्याच्या प्रत्येक कृत्याला होकार देणे वेगळे. पोर्तुगीज पिता व भारतीय माता ह्यांच्या पोटी वसईस जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया ह्याच इतिहासाचे लेकरू. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्यालाही क्रूस मिळाला, पण तो हाती मिरविण्यासाठी नव्हे. त्यावर त्याला ठार मारण्यात आले.

नाणी फेकून द्यावीत, असे आम्ही म्हणत नाही. इतिहास वितळवून टाकता येत नाही, आणि नाण्यांचा छंद निरुपद्रवी आहे. संग्राहक नाण्याखाली साल लिहिलेली चिठ्ठी ठेवतात. ज्यांच्याकडे हे नाणे असेल त्यांनी तिच्यावर 1498 च्या जोडीला 1502 हे सालही लिहावे, आणि शेजारी ‘मीरी’ हे नाव.