रिकाम्या जेलचे गुण

'जर्नलमध्ये स्वतःला मिळालेलाच निकाल लिहावा. दुसऱ्याच्या जेलचा फोटो चिकटवल्यास त्या प्रयोगाला शून्य गुण.'

दुसऱ्या वर्षाच्या मॉलिक्युलर बायोलॉजीच्या मुलांना पहिल्या तासाला जे पान वाटायचं, त्यावरचा हा चौथा नियम. आधीचे तीन बिनविरोध झाले होते: हजेरी ७५ टक्के, अ‍ॅप्रनशिवाय प्रयोगशाळेत पाऊल नाही, इथिडियम ब्रोमाइडच्या टेबलाजवळ ग्लव्ह्ज घातल्याशिवाय जायचं नाही. चौथ्याशी ती अडली. ती म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. कोर्स विनाअनुदानित, त्यामुळे प्रॅक्टिकलच्या बॅचेस बहुतेक तिच्याच अंगावर.

"हा काढून टाका, सर."

"का? चुकीचं काय आहे यात?"

"चुकीचं काहीच नाही. पण तो पाळता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. एका बॅचमध्ये वीस मुलं, जेल एक. एकानं कल्चर फिरवलं, दुसरीनं सोल्युशन टू घातलं, तिसऱ्यानं लोड केलं, बाकीचे मान उंचावून बघत होते. यातला 'स्वतःचा' निकाल कुणाचा?"

"गटाचा निकाल गटाचा. त्याला माझी हरकत नाही. एका गटाच्या लेनमध्ये काहीच आलेलं नसताना तो शेजारच्या गटाचा बँड आपला म्हणून डकवतो, त्याला आहे."

"का डकवतात?"

"आळस."

"आळशी मुलगा रिकामी जागा सोडेल, सर. फोटो मिळवायचा, प्रिंट काढायची, कापून चिकटवायचा, खाली निरीक्षण रचायचं, हे खटपटीचं काम आहे. ते गुणांसाठी करतात. एक्स्टर्नल येतात, जर्नल चाळतात. बँड दिसला की पान उलटतं, नाही दिसला की बोट थांबतं. मुलं ते बोट बघूनच शिकतात, तुमचं पान वाचून नाही."

मी ठेवणीतलं उदाहरण काढलं. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक. २००४ आणि २००५ साली 'सायन्स'मध्ये मानवी क्लोन भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्याचे त्यांचे शोधनिबंध आले. देशानं त्यांना डोक्यावर घेतलं. मग चौकशीत निघालं की दावे बनावट होते आणि जानेवारी २००६ मध्ये दोन्ही निबंध मागे घेतले गेले. "तिथंही वेगवेगळ्या पेशींचे म्हणून एकच फोटो लावलेले सापडले. ही सवय कुठं लागते? दुसऱ्या वर्षाच्या जर्नलमध्ये."

"त्यांच्याकडे उपकरणं कमी होती का?"

"नव्हती."

"मग ते उदाहरण आपल्या मुलांना कशाला लावता? त्यांना आपण मेंडेल शिकवतो. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं १९३६ मध्ये त्याचे वाटाण्यांचे आकडे तपासले, तेव्हा ते अपेक्षेच्या इतके जवळ होते की योगायोगानं असं होणं कठीण. स्वतः मेंडेलवर त्याला संशय घ्यायचा नव्हता. काय यायला हवं हे पुरतं माहीत असलेल्या कुणा मदतनिसानं आकडे नीट करून दिले असावेत, असं त्यानं सुचवलं. आपली मुलं म्हणजे तो मदतनीस. प्रयोगाच्या आधी फळ्यावर 'अपेक्षित निकाल' कोण लिहितं?"

फळ्यावर आम्हीच लिहितो. मेंडेलच्या आकड्यांवरचा वाद पुढं कित्येक वर्षं चालला आणि त्याच्या बाजूनंही पुष्कळ लिहिलं गेलं, हे मी तिला ऐकवलं. तिच्या मुद्द्याला त्यानं ओरखडाही उठला नाही.

"बरं, शून्य काढू," मी म्हटलं. "मग रिकाम्या लेनला किती गुण? पूर्ण? ज्यानं मन लावून काम केलं आणि ज्यानं नळी बोटांत धरून गप्पा मारल्या, दोघांची लेन सारखीच रिकामी असते. प्रामाणिक अपयश आणि बेफिकीर अपयश फोटोत वेगळं दिसत नाही. तू प्रामाणिकपणाला गुण देशील आणि ते जातील हलगर्जीपणाला."

इथं मात्र ती विचारात पडली. हा प्रश्न तिनं स्वतःला आधीच विचारून ठेवलेला असावा, कारण उत्तर आलं ते थेट प्रयोगातून.

"रिकामी लेन मुकी नसते. प्लाझ्मिड काढायची ही रीत बर्नबॉइम आणि डोलीची, १९७९ ची. सोल्युशन टूमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस, पेशी फुटतात, डीएनएचे धागे सुटे होतात. सोल्युशन थ्री घातलं की छोटं गोल प्लाझ्मिड पुन्हा जुळतं, मोठा क्रोमोसोमचा डीएनए गुंत्यात अडकून खाली बसतो. या सगळ्यात नळी हळू उलटसुलट करायची. जोरात हलवली की क्रोमोसोमचे तुकडे होऊन तेही वर येतात. इथेनॉल नीट उडालं नसेल तर नमुना विहिरीत बसतच नाही, तरंगून बफरमध्ये जातो. म्हणून मी विचारणार: लॅडर दिसलं का? दिसलं असेल, तर जेल, करंट आणि स्टेन ठीक, दोष तुझ्या नमुन्यात. लॅडरही नसेल तर वायरी उलट लावल्या का? डीएनए ऋणभारित, धनाग्राकडे जाणार. उलट लावल्या तर सगळंच मागच्या मागं बाहेर. ज्यानं काम केलं त्याला हे सांगता येतं, कारण कुठल्या पायरीला हात थरथरला हे त्याला आठवतं. गप्पा मारणाऱ्याला आठवत नाही. गुण बँडला नकोत, या उत्तराला द्यावेत."

"छान. आणि पुढच्या वर्षी बाजारात गाईड येईल. 'जेल रिकामे येण्याची दहा कारणे.' मुलं त्यातली तीन पाठ करतील आणि हातानं उतरवून आणतील. आत्ता बँड उसना घेतात, मग अपयश उसनं घेतील."

ती हसली, पण उत्तर नव्हतं तिच्याकडे. माझ्याकडेही नव्हतं. आम्ही बराच वेळ याच खड्ड्यात फिरत राहिलो. तोंडी विचारावं, ती म्हणाली. वीस मुलांना तोंडी विचारायला प्रॅक्टिकलच्या वेळात जागा कुठं, मी म्हटलं. प्रत्येकाकडून चुकलेल्या पायरीची नोंद त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, पेन्सिलीनं खरडून घ्यावी, ती म्हणाली. त्यावर मी गप्प राहिलो. ते जमण्यासारखं होतं आणि मला ते सुचलेलं नव्हतं याचा थोडा रागही आला.

मग मी हजेरीकडे वळलो. खरं सांगायचं तर वाद जिथं हरतोय तिथून उठायला तेवढंच निमित्त. एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी प्रॅक्टिकलला येणारी मुलं आमच्याकडे दरवर्षी असतात. अशा मुलाची हजेरी कमी भरली पण जर्नल पूर्ण असलं, तर काय?

"त्याला बसू द्यायचं," ती लगेच म्हणाली.

"आणि दुसऱ्याला? ज्याच्या घरी आजारपण आहे पण तो येऊन सांगत नाही? सवलत मागायला तोंड लागतं. ज्याला मागता येतं त्याला ती मिळते, ज्याला मागता येत नाही तो सरसकट नियमाच्या आधारानंच टिकतो. तू नियम वाकवतेस तेव्हा कुणाला मदत करतेस? बोलक्यांना."

तिनं हे मान्य केलं. मला वाटलं, आता चौथा नियमही सुटला. जो डकवतो त्याला शून्य, सगळ्यांना सारखं, मागणाऱ्याला आणि न मागणाऱ्यालाही.

"सारखं कसं?" ती म्हणाली. "ग्लव्ह्जचा नियम करताना आपण डबा टेबलावर ठेवतो ना? डबा संपला असेल तर मुलाला ओरडत नाही, आधी डबा आणतो. नियम पाळायला जे लागतं ते पुरवायची जबाबदारी नियम करणाऱ्याची. चौथ्या नियमाला लागतो दुसरा प्रयत्न. बँड आला नाही तर पुन्हा करायची सोय. ती कुठं आहे? सोल्युशन टू ताजं करायचं असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून सोडियम हायड्रॉक्साइड कमजोर होतं. ते ताजं करायचं कुणी? मुलांनी नाही. आपण. मग रिकाम्या लेनमध्ये आपला वाटा किती, हे न बघता शून्य फक्त तिच्याच पानावर?"

"तिच्या म्हणजे?"

"जी डकवत नाही तिच्या. 'बँड दिसला नाही' एवढंच लिहून आणते आणि गप्प उभी राहते. तुम्हीच म्हणालात, तोंड नसलेल्यांना नियमाचा आधार. तिला कुठल्या नियमाचा आधार आहे? डकवलं तर शून्य हे पानावर आहे. डकवलं नाही तर काय, हे कुठंच नाही."

मी पेन उचललं. चौथा नियम खोडला नाही, त्याच्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या: निकाल आला नाही तर तसं लिहावं, आणि त्याच दिवशी चुकलेल्या पायरीची नोंद करून शिक्षकाची सही घ्यावी. अशा विद्यार्थ्याला प्रयोग पुन्हा करायची एक संधी शनिवारी मिळेल. दहापैकी किती गुण पहिल्या नोंदीला आणि किती दुसऱ्या बँडला, यावर आमचं एकमत झालं नाही. ती सात आणि तीन म्हणत होती, मी निम्मे-निम्मे. माझ्या मते हातातलं कसबही मोजायला हवं. शेवटी कुणी तरी स्वच्छ प्लाझ्मिड काढलंच पाहिजे, नाही तर हा विषय तत्त्वज्ञान विभागाकडे द्यावा. आकडा कोरा ठेवला.

"शनिवारच्या बॅचचे तास तुला लावून घेऊ," मी म्हणालो.

"विनाअनुदानितला जादा तासिका मंजूर होत नाहीत, सर. शनिवारची बॅच तुम्ही घ्या. तुमचा पगार महिन्याचा आहे."

प्राचार्यांशी बोलून बघतो, मी म्हटलं.

"त्याला प्राचार्य कशाला लागतात?"