पाणक्या

1972 साली नगर जिल्ह्यात पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोलानं गेली, आणि शेतकरी नि मजूर एकाच रांगेत दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले.

त्या भागातल्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळी होती. तिचे पाळक आता म्हातारे झाले होते. पुण्याला धर्मशास्त्र शिकलेला एक तरुण त्यांच्या हाताखाली आला. पंचांनी ठरवलं होतं, पोराला वर्षभर पाहू. म्हातारे पाळक हो म्हणाले की मगच मंडळी त्याच्या हाती द्यायची.

पोरगा गुणी होता. उपदेश चांगला करी, पेटीवर भजनं म्हणे, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढी. बोलताना नेहमी म्हणे, "मी तुमचा सेवक." पत्र लिहिलं की खाली सही करी, 'प्रभूचा व आपला नम्र सेवक'. अक्षर फार सुबक होतं.

1973 चा एप्रिल उजाडला. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी त्यानं ठरवलं की प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तसे आपणही मंडळीतल्या बारा जणांचे धुवायचे. पितळी परात आली, नवा टॉवेल आला. संध्याकाळी मंदिर भरलं. तरुण कमरेला टॉवेल बांधून गुडघ्यांवर बसला आणि एकेकाचे पाय धुऊ लागला. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्याला लावले.

पाय मात्र सगळे आधीच स्वच्छ होते. पाळकसाहेबांच्या हाताला घाण लागू नये म्हणून बाराही जण घरून पाय घासून आले होते. एकानं तर टाचांच्या भेगांना खोबरेल लावलं होतं. पाण्याचा टँकर तेव्हा दोन-दोन दिवस यायचा नाही. मला विचाराल तर त्या दिवशी पाय धुण्याचं खरं काम घरोघरच्या बायकांनी केलं, कारण ते पाणी त्यांनी डोक्यावरून आणलं होतं.

उपासना संपल्यावर म्हाताऱ्या पाळकांनी परात उचलली, बाहेर नेली आणि पाणी शेळीपुढं ठेवलं. ते काही बोलले नाहीत.

ईस्टर झाला. दोन दिवसांनी म्हातारे म्हणाले, "आपल्या मंडळीतली काही माणसं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर आहेत. जरा जाऊन ये."

तरुण निघाला. तीन मैल पायी गेला. पोचला तेव्हा धुळीनं डोक्यापासून पायापर्यंत माखला होता. ऊन मी म्हणत होतं. माणसं खडी फोडत होती, बाया घमेल्यांनी माती टाकत होत्या. त्या दिवशी पाणक्या पोरगा तापानं घरी पडला होता. पाण्याचं पिंप भरलेलं होतं, पण रांगांपर्यंत पाणी न्यायला कोणी नव्हतं.

मुकादमाची नजर तरुणावर पडली. "ए, उभा काय राहिलास? तो हंडा घे आणि पाणी वाट."

तरुण म्हणाला, "मी मजूर नाही. मी पाळक आहे."

"असशील. हात आहेत ना?" मुकादम म्हणाला आणि हजेरी मांडायला वळला.

जवळच्या दोघी फिसकन हसल्या. तरुणाचा चेहरा लाल झाला. तो कोणालाही न भेटता तसाच मागं फिरला.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. "बाबा, हा माझा अपमान नाही, मंडळीचा आहे. मी तहसीलदारांकडे तक्रार करणार."

"कर," म्हातारे म्हणाले आणि त्यांनी कागद, दौत, टाक पुढं ठेवला.

तरुणानं पानभर लिहिलं. आपण कोण, आपलं शिक्षण किती, आपल्या पदाचा मान काय आणि मुकादमानं तो कसा राखला नाही, हे सगळं मांडलं. खाली सही केली.

म्हाताऱ्यांनी चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं सवयीनं लिहिलं गेलं होतं, 'प्रभूचा व आपला नम्र सेवक'.

"वरचं पत्र आणि खालची सही," ते म्हणाले, "यातलं एक खोडावं लागेल. कुठलं ते तू ठरव."

तरुण गप्प झाला. थोड्या वेळानं म्हाताऱ्यांनीच विचारलं, "प्रभूच्या शेवटच्या जेवणाला शिष्य कशावरून वाद घालत होते? लूकानं लिहिलंय."

"आपल्यात मोठा कोण, यावरून."

"हं," म्हातारे म्हणाले आणि मिलोची लाल भाकरी ताटात मोडायला बसले. त्या वर्षी घरोघरी तीच होती, अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची. पोटभर खाल्ली तरी समाधान होत नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तरुण पाझर तलावावर गेला आणि न सांगता हंडा उचलला. मुकादमानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पिंपाशी हंडा भरायचा, खांद्यावर घ्यायचा, रांगेतून फिरायचं. खाली बसलेला माणूस हातोडा बाजूला ठेवी, ओंजळ तोंडाशी धरी, आणि तरुण वरून तांब्यानं धार सोडी. धार जाड झाली तर पाणी कोपरावरून गळून वाया जाई आणि माणूस ओरडे. बारीक धरली तरी ओरडे. दुपारी सुकडी वाटली, तेव्हा त्याचा नंबर शेवटी लागला.

असे काही दिवस गेले. एक दिवस रांगेत मंडळीतली एक आजी होती. तिनं पाणी पिऊन मान वर केली आणि किंचाळली, "अगं बाई! हे तर आमचे पाळकसाहेब! मुकादम, तुला काही लाज?"

मुकादम धावत आला, हात जोडू लागला. तरुणाला गोड वाटलं. आणि गोड वाटलं, हेही त्याच्या ध्यानात आलं.

पण आजीच्या शेजारी बसलेल्या दोघींनी पुढं केलेली ओंजळ मागं घेतली. आतापर्यंत त्या त्याच्याच हातचं पाणी पीत होत्या. तो कुठल्या वस्तीतला, हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं. एक म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आमची घागर हाय."

तरुण क्षणभर थांबला. मान आणि अपमान एकाच दमात पदरात पडले होते. मुकादम हंडा घ्यायला हात पुढं करत होता.

"त्या टोकाच्या रांगेला सकाळपासून पाणी नाही," तरुण म्हणाला आणि हंडा तसाच खांद्यावर घेऊन पुढं गेला.

महिनाअखेर पंच म्हाताऱ्या पाळकांकडे आले. "पोराचं काय करायचं? वर्ष अजून व्हायचंय, पण तुमची तब्येतही बरी नसते."

"मंडळी त्याच्या हाती द्या," म्हातारे म्हणाले.

एका पंचाची मान डोलली. "आम्हाला वाटलंच होतं. त्या गुरुवारी त्यानं पाय धुतले, तेव्हाच कळलं हा खरा सेवक."

"मला नाही कळलं," म्हातारे म्हणाले. "आपण होऊन खाली वाकलेला माणूस केव्हाही उठून उभा राहू शकतो. दुसऱ्यानं नोकरासारखं वागवलं आणि तरी हातातलं काम सुटलं नाही, तर तो सेवक."

पंच थोडा वेळ बसून राहिले. मग त्यातल्या थोरल्यानं विचारलं, "मग येत्या रविवारपासून?"

"येत्या रविवारपासून नको. आधी मुकादमाला दुसरा पाणक्या बघायला सांगा."