"पंधरा तारखेपर्यंत होईल": तारीख देताना आपण नेमकं काय देतो?

प्रोजेक्ट कुठलाही असो, सॉफ्टवेअरचा, पुलाचा किंवा बहिणीच्या लग्नाचा, त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "कधी होईल?" उत्तरही ठरलेलं: "पंधरा तारखेपर्यंत." हे आपण इतक्या सहज बोलून जातो की नेमकं काय बोललो याचा विचार करत नाही. पण जरा थांबून बघा. या एका वाक्याचे किमान तीन अर्थ निघतात.

पहिला अर्थ: "आत्ता जेवढं दिसतंय त्यावरून पंधरापर्यंत व्हावं असं वाटतं." हा झाला अंदाज. दुसरा: "पंधरा तारीख धरून चालू या, म्हणजे सगळे जोर लावतील." हे उद्दिष्ट. तिसरा: "पंधराला तुमच्या हातात देतो, माझा शब्द." हे वचन.

अंदाज चुकला तर आपण हिशेब सुधारतो. उद्दिष्ट हुकलं तर हळहळतो. वचन मोडलं तर मात्र समोरच्याचा विश्वास मोडतो आणि आपण त्याचे देणेकरी होतो. म्हणजे तिन्हींमागची जबाबदारी वेगवेगळी आहे. अडचण अशी, की कागदावर तिन्ही अगदी एकसारख्या दिसतात: '१५ जून'.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे आपण तंत्र म्हणून बघतो. चार्ट, टेम्प्लेट, सर्टिफिकेट. पण मला वाटतं, त्याच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे: शब्द देणं म्हणजे काय, आणि तो कुणाच्या जिवावर द्यायचा?

अंदाजाचं वचन कसं होतं

कुठल्याही प्रोजेक्टची कागदपत्रं साधारण एका क्रमाने तयार होतात. आधी चार्टर: हे काम का करायचं, कुणासाठी, कुणाच्या मंजुरीने. मग स्कोप: कामात काय येतं आणि काय येत नाही. मग त्या मोठ्या कामाचे लहान लहान तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला किती दिवस लागतील, कुठला तुकडा कशावर अडून आहे हे लिहायचं. त्यातून तयार होतो तो आडव्या पट्ट्यांचा तक्ता, गँट चार्ट. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने १९१० च्या दशकात तो लोकप्रिय केला. शंभर वर्षांनंतरही तो टिकून आहे, कारण तो कुणालाही एका नजरेत कळतो. पट्टी इथे सुरू, इथे संपली.

पण पट्टीला टोक असतं, तसं कामाला नसतं. हे ओळखून १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी 'पर्ट' नावाची पद्धत काढली गेली. तिच्यात प्रत्येक कामासाठी एक नाही, तीन मुदती विचारतात: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, साधारणपणे किती, आणि सगळं बिघडलं तर किती. समजा उत्तरं आली ४, ६ आणि १४. मधल्या आकड्याला चारपट वजन द्यायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. ४ अधिक २४ अधिक १४ म्हणजे ४२. भागिले ६, म्हणजे ७ दिवस. सहा नाही, सात. कारण हे काम लवकर झालंच तर दोन दिवस वाचतील, पण लांबलं तर आठ दिवस लांबेल.

आता या आकड्याचा ऑफिसातला प्रवास बघा. काम करणारी मुलगी म्हणते, "चार ते चौदा दिवस." टीम लीड शीटमध्ये सात लिहितो. मॅनेजर त्या सातची पट्टी करतो, ती १५ जूनला संपते. क्लायंटसमोरच्या स्लाइडवर पट्टीही जाते, उरतं फक्त 'डिलिव्हरी: १५ जून'. मग तेच करारात येतं.

यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. प्रत्येकाने फक्त सुटसुटीत केलं. पण या पायऱ्या उतरताना 'ते चौदा' कुठेतरी गळून पडलं आणि अंदाजाचं वचन झालं. १५ जूनला काम झालं नाही की प्रश्न मात्र उलट्या दिशेने थेट त्या मुलीपर्यंत पोहोचतो: "तू म्हणाली होतीस ना, पंधरापर्यंत होईल?"

ती असं म्हणाली नव्हती. वचनाला दोन गोष्टी लागतात: ते स्वतःहून दिलेलं असावं आणि ते पाळणं आपल्या हातात असावं. जे करणं शक्यच नाही त्याचं बंधनही असू शकत नाही, हा विचार आपण तत्त्वज्ञ कांटच्या नावाने ओळखतो. वरून ठरून आलेली तारीख जिला नाकारताच येत नाही, तिच्याकडून त्या तारखेचा जाब मागणं म्हणजे न दिलेल्या शब्दाची वसुली आहे.

घर पाहावं बांधून

मुळात अंदाज इतके चुकतात का? डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला नाव दिलं, तेव्हापासून तिच्यावर बरंच लिहिलं गेलंय. कानेमान यांनी स्वतःचाच एक किस्सा सांगितला आहे. इस्रायलमध्ये ते काही सहकाऱ्यांसोबत शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होते. एके दिवशी सगळ्यांनी, किती वेळ लागेल, याचा अंदाज चिठ्ठीवर लिहिला. बहुतेकांचं उत्तर दोन वर्षांच्या आसपास होतं. त्यांच्यात अभ्यासक्रम तयार करण्यातला एक जाणकारही होता. त्याला कानेमान यांनी विचारलं, अशा इतर गटांना किती वेळ लागला? तो विचारात पडला आणि म्हणाला, सुमारे ४० टक्के गटांचं काम पूर्णच झालं नाही. ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. गंमत म्हणजे थोड्याच वेळापूर्वी या गृहस्थांनी स्वतःच्या चिठ्ठीवरही दोन वर्षंच लिहिली होती! माहिती त्यांच्या डोक्यात होती, पण स्वतःच्या कामाला ती लागू होते हे सुचलं नव्हतं. पुस्तक शेवटी आठ वर्षांनी पूर्ण झालं.

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. स्वतःच्या घराच्या नकाशावर डोळे लावून बसलं की सगळं सोपं वाटतं. ज्यांनी बांधलंय त्यांना विचारलं की खरा हिशेब कळतो. म्हणजे विचारणं शक्य असूनही न विचारता तारीख देणं हा फक्त भाबडेपणा उरत नाही, तो निष्काळजीपणा होतो.

आणि मुद्दाम कमी सांगितलं तर?

यापुढची पायरी जास्त अवघड आहे. बेंट फ्लुब्यर्ग या डॅनिश अभ्यासकाने जगभरातल्या मोठ्या प्रकल्पांचे खर्च आणि मुदती तपासल्या. त्याचं म्हणणं असं, की कमी आकडे दरवेळी चुकून येत नाहीत. काही वेळा प्रकल्प मंजूर व्हावा म्हणून ते जाणूनबुजून कमी दाखवले जातात.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे सिडनीचं ऑपेरा हाउस. १९५७ मध्ये योर्न उत्झॉन या वास्तुकाराचा आराखडा निवडला गेला. अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि १९६३ ची मुदत. इमारत खुली झाली १९७३ मध्ये, खर्च झाला १० कोटी २० लाख. उत्झॉन १९६६ मध्येच काम सोडून निघून गेले होते. पूर्ण झालेली इमारत त्यांनी कधीच पाहिली नाही.

आता कुणी म्हणेल, खरा आकडा आधीच सांगितला असता तर ऑपेरा हाउस झालंच नसतं. आज त्याच्याशिवाय सिडनीची कल्पना करता येते का? हा युक्तिवाद हलका नाही. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं: पुढच्या अडचणी आधी दिसत नाहीत म्हणूनच माणूस मोठ्या कामाला हात घालतो, आणि मग त्या अडचणींतून वाट काढण्याची स्वतःची ताकद त्याला सापडते.

मला यातलं अर्धं पटतं. स्वतःच्या अज्ञानाच्या बळावर स्वतः उडी मारणं यात एक मोठेपणा आहे. पण अडचणी मला दिसत असताना तुम्हाला दिसू न देणं ही निराळी गोष्ट आहे. पहिल्यात धाडस माझं आणि धोकाही माझा. दुसऱ्यात निर्णय तुमचा असल्याचं भासवून तो मीच घेऊन टाकलेला असतो. इमारत कितीही सुंदर झाली, तरी तुमचा तो हक्क मी काढून घेतला हे बदलत नाही.

याचा अर्थ हुकलेली प्रत्येक तारीख खोटी असते असा मात्र नाही. कोकण रेल्वेचंच बघा. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे अध्यक्ष. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पुरा करायचा होता. संपूर्ण मार्ग खुला झाला जानेवारी १९९८ मध्ये. गोव्यात मार्गावरून वाद झाला. पेडण्याच्या बोगद्यात ओल्या, मऊ मातीने काम पुनःपुन्हा ढासळत राहिलं. पाच वर्षं हे उद्दिष्ट होतं, आणि डोंगराच्या पोटात काय आहे हे खणल्याशिवाय पूर्ण कळत नाही. अशा मातीत मुदतीसाठी हट्टाने पुढे रेटणं म्हणजे आत काम करणाऱ्यांच्या जिवाशी खेळणं. तिथे तारीख मोडणं हेच कर्तव्य ठरतं.

वचन एकाचं, किंमत दुसऱ्याची

शब्द पाळणाऱ्याबद्दल आपल्याला फार आदर असतो. भीष्मांची प्रतिज्ञा आपण थोरवी म्हणून सांगतो. पण त्या प्रतिज्ञेची किंमत अंबेनेही मोजली, आणि तिला ती घेताना कुणी विचारलं नव्हतं. प्रोजेक्टच्या जगात हे रोज घडतं. क्लायंटसमोर "नक्की करू" म्हणणारा एक असतो आणि शनिवार-रविवार लॅपटॉपसमोर काढणारे दुसरेच असतात. म्हणून कुठल्याही तारखेबद्दल पहिला प्रश्न 'शक्य आहे का' हा नसावाच. ही तारीख हुकली तर कुणाचं नुकसान होईल, आणि पाळली तर कुणाची झोप जाईल, हा असावा. ज्याची झोप जाणार, तो तारीख ठरवताना त्या खोलीत होता का?

आपल्या आसपास एका ठिकाणी हा प्रश्न कायद्याने सोडवायचा प्रयत्न झाला आहे. फ्लॅट बुक करणाऱ्यांची वर्षानुवर्षं एकच तक्रार होती: ताबा मिळेना, एकीकडे घरभाडं चालू आणि दुसरीकडे कर्जाचा हप्ता. बिल्डरची तारीख ही बोलण्यापुरती असायची. रेरा कायदा २०१६ मध्ये आला आणि १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्यानुसार नोंदणी करताना प्रकल्प कधी पूर्ण होईल ते बिल्डरला स्वतः जाहीर करावं लागतं. करारातल्या तारखेला ताबा दिला नाही तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा थांबायचं ठरवलं तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घेऊ शकतो. पूर, भूकंप, युद्ध अशा कारणांसाठी मुदतवाढीची सोय आहे. म्हणजे हा कायदाही 'हुकलं' आणि 'मोडलं' यांत फरक करतो. आणि मुख्य म्हणजे उशिराचा भार, निदान कागदावर तरी, तारीख देणाऱ्याकडे वळवतो.

कलिंगड

प्रोजेक्टच्या जगात एक विनोद चालतो: कलिंगड प्रोजेक्ट. बाहेरून हिरवा, आतून लाल. दर आठवड्याच्या स्टेटस रिपोर्टमध्ये काम ठीक असेल तर हिरवा, काळजी असेल तर पिवळा आणि अडलं असेल तर लाल रंग द्यायचा असतो. आत सगळं अडलेलं असताना रिपोर्ट हिरवाच जात राहतो, शेवटच्या आठवड्यापर्यंत. विनोद म्हणून ठीक आहे, पण तो का घडतो? लाल लिहिणाऱ्याला "काय मदत हवी?" असं विचारण्याऐवजी "असं कसं झालं?" असं विचारलं जातं, म्हणून. खरं बोलण्याची शिक्षा मिळते तिथे रिपोर्ट खोटे होणारच. त्या हिरव्या रंगाची जबाबदारी फक्त तो भरणाऱ्या हाताची नाही.

मग तारीख द्यायचीच नाही का? द्यावीच लागते. लोक तिच्या भरवशावर कर्ज काढतात, तिकिटं काढतात, हॉल बुक करतात. पण देताना तीन गोष्टी सांगता येतात. हा अंदाज आहे, उद्दिष्ट आहे की शब्द आहे. काय काय गृहीत धरून तो दिला आहे. आणि त्यातलं काही बदललं, तर मी कधी सांगेन.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण तीच पूर्णपणे आपल्या हातात आहे. पाऊस, माती, सर्व्हर, आजारपण यांवर आपला ताबा नाही, म्हणून १५ जूनचं वचन कुणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. पण "तारीख हलतेय असं दिसलं, तर त्याच दिवशी तुम्हाला सांगेन" हे वचन अगदी नवशिका ट्रेनीसुद्धा देऊ शकतो आणि पाळू शकतो. मात्र ते पाळणं त्याला परवडेल अशी जागा तयार करणं, हे ज्याच्या हातात चार्ट आहे त्याचं काम आहे. उद्या तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या हातात तो असेल. तेव्हा कुणी "चार ते चौदा दिवस" म्हणालं, तर ते 'ते चौदा' खोडू नका.