सेल्फ घेते, स्टार्ट होत नाही

मराठीत 'दोष' हा शब्द एकच असल्यामुळे आपली मोठी पंचाईत झाली आहे. इंजिनात असतो तोही दोष आणि माणसाला देतात तोही दोष. वैद्य नाडी धरून दोष शोधतो, मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालून दोष शोधतो आणि मुलगी बघायला आलेली मंडळी पोह्यांची बशी हातात धरून दोषच शोधत असतात. शब्द एक असला तरी धंदे दोन आहेत. एकात काय बिघडलं ते शोधायचं असतं, दुसऱ्यात कुणामुळे बिघडलं ते ठरवायचं असतं. पहिल्या कामाला वेळ लागतो, हात काळे होतात, कंबर धरते. दुसरं काम खुर्चीत बसून चहा पिता पिता होतं. साहजिकच दुसऱ्या धंद्यात गर्दी फार.

घरातली चांदीची वाटी दिसेनाशी झाली, की पहिला संशय कुणावर जातो हे मी सांगायला नको. वाटी फराळ घेऊन शेजारी गेलेली असते, उष्टावणासाठी आत्याबाईंकडे गेलेली असते, किंवा घरातल्याच कुणीतरी 'अगदी नीट' ठेवल्यामुळे कायमची बेपत्ता झालेली असते. पण ती मिळेपर्यंत भांडी घासणाऱ्या बाईंकडे सारं घर जरा निराळ्याच नजरेनं बघत असतं. वाटी सापडते. त्या नजरेचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी शोधत नाही.

असं का होतं, याचा उलगडा मला आर्णीला एका जुन्या पिकअपपाशी झाला. आर्णी हे यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटरवरचं, अरुणावतीच्या काठचं गाव. नागपूर-तुळजापूर महामार्ग इथून जातो आणि बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे गावाचं नाव लांबवर माहीत आहे. तिथे आमचे साडू शेती करतात. त्यांच्याकडे वीस-बावीस वर्षांची एक डिझेल पिकअप आहे. ऐन हंगामात, जिनिंगला न्यायचा कापूस भरून झाल्यावर, एका सकाळी या पिकअपनं असहकार पुकारला. किल्ली फिरवली की घर्र घर्र करून इंजिन जोरात फिरे, पण सुरू काही होत नसे. याला आपल्याकडे 'सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही' असं म्हणतात. ही अवस्था माणसांतही पुष्कळ आढळते. दर एक जानेवारीला पहाटे फिरायला जायचा संकल्प सोडणारे आमचे कित्येक स्नेही वर्षानुवर्षं सेल्फ घेताहेत.

गाडी बंद पडल्यावर तिच्याभोवती जी सभा भरते, तिला अध्यक्ष लागत नाही. पाच मिनिटांत सातआठ तज्ज्ञ जमले. एकानं हीटर प्लग गेल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं पंप, तिसऱ्यानं नोझल. एका वयस्क गृहस्थांनी नजर लागल्याचं सांगून लिंबू बदलायला सुचवलं. हा एकच सल्ला परवडण्यासारखा होता. चौकशी केल्यावर कळलं की ज्यानं पंप सांगितला त्याचा मागच्या साली पंपावर खर्च झाला होता आणि ज्यानं नोझल सांगितली त्याला नोझलनं बुडवलं होतं. निदान गाडीचं चाललेलं नव्हतंच. जो तो आपापली जुनी बिलं वाचून दाखवत होता.

आमच्या साडूंचं निदान मात्र या सगळ्यांहून झटपट होतं. "साडूभाऊ, याला मेकॅनिक कशाला पाहिजे?" ते मला बाजूला घेऊन म्हणाले, पण इतक्या मोठ्यानं की बाजूला घेण्याचा काही उपयोग झाला नाही. "हा पोरगा रात्री डिझेल काढतो आणि वर पाणी ओततो. दुसरं काय असणार?"

पोरगा म्हणजे ड्रायव्हर. वय असेल वीस-बावीस, म्हणजे गाडीच्याच बरोबरीचा. तो काही बोलला नाही. टायरकडे बघत उभा राहिला. गरीब माणूस गप्प राहिला तर 'बघा, गप्प आहे' आणि बोलला तर 'बघा, कसा उलटून बोलतो', असा दोन्हीकडून बंदोबस्त आपण आधीच करून ठेवलेला असतो.

एवढ्यात मिस्त्री आले. आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते सभा बरखास्त करण्याचं. "सेल्फ मारणं बंद करा जी, बॅटरी बसन." मग म्हणाले, "सेल्फ जोरात फिरते, म्हंजे बॅटरीचा अन् स्टार्टरचा काही झगडा नाई." पोराला किल्लीवर बसवलं, दोन-तीन सेकंदच सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. "धूर नाई," ते म्हणाले.

मला एकदम आपले प्राचीन नैयायिक आठवले. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे त्यांचं अनुमानाचं लाडकं उदाहरण. गावगप्पांतही आपण तेच शास्त्र वापरतो: आगीशिवाय धूर निघत नाही. मिस्त्रींचं शास्त्र याच्याही पुढचं निघालं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. सेल्फ मारताना मागून पांढरा धूर आला, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, असं समजायचं. मग हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन बघायचं. म्हणजे हा आगीशिवायचा धूर! आणि धूर मुळीच आला नाही, तर डिझेल पोचतच नाही. इथे धूर नव्हता. साडूंनी मात्र धुराची वाटही न बघता आग जाहीर केलेली होती.

"म्हणजे काय झालं असेल?" मी विचारलं.

"काय झालं ते मले अजून मालूम नाई," मिस्त्री म्हणाले. "काय नाई झालं, ते थोडंसं समजलं."

हे वाक्य ऐकून मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. 'मला अजून माहीत नाही' असं पैसे घेणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. अहो, ज्यांनी हे इंजिन काढलं त्या रुडॉल्फ डिझेल यांचंच बघा. 1897 साली त्यांचं इंजिन जर्मनीत यशस्वी झालं, जगभर नाव झालं आणि 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात प्रेत मिळालं. कुणी म्हणालं कर्जापायी आत्महत्या, कुणी म्हणालं घातपात. नक्की काय झालं ते आजवर ठरलेलं नाही. पण त्यामुळे कुणाचं अडलंय? ज्यांना ठरवायचं होतं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

मिस्त्रींनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल एका काचेच्या बरणीत घेतलं आणि ती उन्हात धरली. "पानी असतं तं खाली बसलं असतं," ते म्हणाले. पाणी डिझेलपेक्षा जड. बरणीत वरपासून खालपर्यंत एकच रंग होता. एका पोराची नोकरी त्या बरणीत तरंगत होती आणि मिस्त्री ती लोणच्याची बरणी बघावी तितक्या सहज बघत होते. मग त्यांनी एका नोझलच्या पाइपाचा नट सैल केला आणि सेल्फ मारायला लावला. डिझेलऐवजी नुसते बुडबुडे आले. "एअर घेतली," मिस्त्री म्हणाले आणि टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप बोटांनी चाचपत निघाले. एका वाकणात रबरी पाइपाला केसाएवढी भेग सापडली.

"मग खाली डिझेल कसं सांडलं नाही?" साडूंनी शेवटचा बुरूज लढवला.

"तिथून पंप डिझेल ओढते ना जी. बाहेर काहून येईन? हवाच आत जाते." रात्रभर गाडी उभी राहिली, की त्या भेगेतून हवा शिरायची आणि नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरायचं. दीड हात पाइप आणि दोन क्लिपा, एवढाच इलाज होता. पाइप टाकून, हातपंप मारून एअर काढली आणि गाडी सुरू झाली. तेव्हा पोरानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "मालक, मी म्हटलं होतं तुमाले. आठ दिवस झाले, सकाळी उचलून नाई राह्यली म्हणून."

"म्हणाला होता खरा," साडू मला म्हणाले, "पण तो काय, रोजच काहीतरी म्हणतो."

आता यातला धडा काय? मिस्त्रींचा नियम असा, की स्वस्त ते आधी तपासावं. धूर बघायला पैसे पडत नाहीत, नट सैल करायला पैसे पडत नाहीत. पंप उतरवायचा तो सर्वांत शेवटी. आपणही अगदी हाच नियम पाळतो. फरक एवढाच, की आपण 'तपासायला स्वस्त काय' असं न विचारता 'बदलायला स्वस्त कोण' असं विचारतो. पंप बदलायला हजारो रुपये लागतात, ड्रायव्हर बदलायला 'उद्यापासून येऊ नको' एवढे तीन शब्द पुरतात. मुलाचे मार्क कमी पडले की आधी शिकवणीचे मास्तर बदलतो, कारण मुलगा बदलता येत नाही. वाटीचा संशय बाईंवर जातो तो त्या अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. आत्याबाईंवर संशय घेणं फार महाग पडतं म्हणून. संशयाला आपण अनुभव म्हणतो, व्यवहारज्ञान म्हणतो. खरं तर तो नुसता दरपत्रक वाचत असतो.

आणि ज्याला आपण आधी धरतो, बिघाडाची पहिली खबर बहुधा त्यालाच असते, हा त्यातला विनोद. रोज सकाळी किल्ली फिरवणाऱ्याला जे आठ दिवस ठाऊक होतं, ते मालकाला कापूस भरल्यावर कळलं.

साडूंनी त्या पोराला चहा पाजला, तोही स्पेशल. क्षमा मागण्याची आपल्याकडे हीच मान्यताप्राप्त पद्धत आहे. 'चुकलं माझं' या दोन शब्दांपेक्षा कपभर चहा आपल्याला स्वस्त वाटतो. पोरानं तो मुकाट्यानं प्यायला. आत किती हवा शिरली होती, ते काही बाहेरून दिसत नव्हतं. तसली भेग ठिबकत नाहीच. ती हवा चहानं निघते असा आपला समज आहे. मिस्त्रींना विचाराल तर ते सांगतील, की कुठला तरी नट सैल केल्याशिवाय एअर निघत नाही. पण आपल्या तोंडाचा नट नेमका त्याच वेळी असा घट्ट बसलेला असतो, की कुठल्याही नंबरचा पाना लागत नाही.