ओतप्रोत: गार्गीचा प्रश्न आणि आषाढाचा पट्टा



आजचं वाचन: बृहदारण्यक उपनिषद, अध्याय ३, ब्राह्मण ६ ते ८.

'भक्तीने ओतप्रोत', 'आनंदाने ओतप्रोत' असं आपण सहज म्हणतो. ऐकताना काहीतरी ओतल्यासारखं वाटतं, पण हा शब्द मागावरचा आहे. ओत आणि प्रोत म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं. मराठीत आपण ताणा आणि बाणा म्हणतो. ताणा मागावर आधी ताणून बसवलेला असतो, आणि बाणा धोट्यातून इकडून तिकडे जातो.

जनक राजाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते ते याच भाषेत. हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? वायूत. मग वायू कशात? असं विचारत ती सूर्यलोक, चंद्रलोक, नक्षत्रलोक करत ब्रह्मलोकापर्यंत पोचते. तिथे याज्ञवल्क्य तिला थांबवतात: आता पुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी गप्प बसते.

पुढे उद्दालक आरुणी विचारतात की हा लोक, परलोक आणि सगळी भूतं ज्या सूत्रात ओवली आहेत ते सूत्र तुम्हाला माहीत आहे का? याज्ञवल्क्य म्हणतात, ते सूत्र वायू आहे. म्हणूनच माणूस गेला की त्याचे अवयव सैल पडले असं लोक म्हणतात. धरून ठेवणारा धागा सुटला, एवढाच त्याचा अर्थ.

हे वाक्य या वर्षी मला पटकन ओलांडता आलं नाही, कारण मागच्या आषाढात माझे आतोबा गेले.

आत्याचं गाव वेल्ह्याकडे. चेलाडी फाट्यावरून आत वळलं, नसरापूर, मार्गासनी मागे टाकली की भातखाचरं सुरू होतात. तिच्या पडवीत एक लहान माग आहे. दरवर्षी पाडव्याला ती त्यावर नवा ताणा चढवते आणि फाल्गुनापर्यंत एक ओढणी विणून काढते. बारा महिन्यांचे बारा पट्टे, आणि प्रत्येकाला त्या महिन्यात अंगणातून जे दिसतं त्याचा रंग. चैत्राला आंब्याच्या कोवळ्या पानांचा तांबूस. वैशाखाला डोंगरावरच्या वाळल्या गवताचा. श्रावणाला भाताचा हिरवा. भाद्रपदाला सोनकीचा पिवळा, त्यात तेरड्याच्या गुलाबी चार ओळी. आश्विनाला दसऱ्याच्या तोरणातले झेंडू उकळून काढलेला रंग, फाल्गुनाला पळसाच्या फुलांचा. सूत आधी हिरड्याच्या पाण्यात आणि मग तुरटीत भिजवलं की रंग बरा धरतो, हे मला तिनेच शिकवलं.

मागच्या वर्षी आषाढात लावणी चालू असताना आतोबा गेले. माग ज्येष्ठाच्या पट्ट्यावर थांबला आणि तसाच राहिला. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. अख्खा चातुर्मास त्यावर फडकं टाकलेलं होतं. आम्ही कोणी काही बोललो नाही. खरं तर काय बोलायचं तेच कळत नव्हतं. 'देवाची इच्छा' हे शब्द तोंडाशी यायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून परत जायचे.

माझी आतेबहीण भोरला दिली आहे. दिवाळीत ती आईला घेऊन गेली. दिवाळीनंतर मेंढपाळ आपले कळप घेऊन कोकणात उतरायला निघतात, तेव्हा भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेंढ्याच मेंढ्या असतात. त्यांतल्या एका धनगर बाईकडून आत्याने काळ्या लोकरीच्या सुताचा गुंडा विकत घेतला. दख्खनी मेंढीची लोकर, जाडीभरडी. याच लोकरीची घोंगडी होते. सणगर लोक ती खड्डामागावर विणतात आणि त्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. मावळात पावसाळ्यात डोक्यावर घोंगडीची खोळ नाहीतर इरलं घेतल्याशिवाय लावणी व्हायची नाही. आतोबाही खोळ घेऊनच खाचरात उतरायचे.

घरी येऊन आत्याने मागावरचं फडकं काढलं. बहीण म्हणाली, "आई, आषाढ राहू दे. एकदम कार्तिकापासून धर. कोण मोजायला बसलंय?"

आत्या म्हणाली, "ज्येष्ठ तुझ्या बाबांच्या वेळचा, श्रावण त्यांच्या मागचा. मधलं काढलं तर हे दोन जोडायचे कशाने?"

आणि तिने काळा पट्टा विणला. श्रावण, भाद्रपद, आश्विन मागून आठवून विणले.

ती ओढणी मी हातात घेऊन पाहिली. तिचा ताणा पांढऱ्या सुताचा आहे. इतर पट्ट्यांत तो रंगाआडून थोडा थोडा दिसतो. काळ्या पट्ट्यात मात्र अजिबात दिसत नाही, कारण जाड लोकर घट्ट ठोकून बसवली की ती ताण्याला पूर्ण झाकून टाकते. बोट फिरवलं तर फक्त खरखर लागते. पण ज्येष्ठातून निघालेला प्रत्येक उभा धागा याच काळ्यातून जाऊन श्रावणात वर येतो. काळं सूत उसवून काढलं तर तिथे ताणा नुसता उघडा लोंबेल. कात्रीने कापलं तर कापडाचे दोन तुकडे होतील. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नको असलेला कमिट इतिहासातून काढून पुढचं सगळं नव्याने जोडून घेता येतं. आयुष्याला ती सोय नाही.

आता परत गार्गीकडे येऊ. ती गप्प बसली खरी, पण सभा सोडून गेली नाही. आठव्या ब्राह्मणात ती पुन्हा उभी राहते आणि म्हणते, धनुष्य सज्ज करून दोन बाण घेतलेल्या वीरासारखे मी दोन प्रश्न घेऊन आले आहे. द्युलोकाच्या वर, पृथ्वीच्या खाली आणि मध्ये जे आहे, ज्याला भूत, वर्तमान, भविष्य म्हणतात, ते कशात ओतप्रोत आहे? आकाशात, असं उत्तर येतं. मग आकाश कशात? या वेळी याज्ञवल्क्य तिला थांबवत नाहीत. ते म्हणतात, अक्षरात. ते जाड नाही, बारीक नाही, आखूड नाही, लांब नाही. ते लाल नाही, त्याला सावली नाही, त्यात अंधार नाही. आणि त्याच अक्षराच्या शासनात दिवसरात्र, पंधरवडे, महिने, ऋतू आणि वर्षं आपापल्या जागी धरलेली आहेत.

मंडळी, या यादीत ऋतू आहेत आणि महिने आहेत. त्यातून आषाढ वगळलेला नाही. ज्याने श्रावण धरला आहे त्यानेच आषाढही धरला आहे. त्याला स्वतःचा रंग नाही, म्हणून तो कुठल्याही रंगातून जाऊ शकतो. काळ्यात तो दिसत नाही, आणि आपल्याला वाटतं तो तिथे नव्हताच.

यातून आतोबा का गेले याचं उत्तर मिळत नाही. उपनिषदही ते द्यायचा प्रयत्न करत नाही, आणि आपणही दुःखात असलेल्या माणसाला ते देऊ नये. गार्गीला कोणी उत्तर मिळण्याआधी 'समजून घे' म्हणालं नाही. ती गप्प राहिली तो वेळही त्याच कथेचा भाग आहे. चार महिने माग बंद होता म्हणून आत्याची श्रद्धा कमी पडली असं मला वाटत नाही. फडक्याखाली ताणा ताणलेलाच होता.

एक गोष्ट मात्र आपल्या वारकऱ्यांना सांगावी लागू नये. आषाढ हा आपला वारीचा महिना, आणि पंढरीला उभा आहे तो सावळा. ज्या रंगाला आपण शोकाचा म्हणतो, त्याच रंगाच्या मूर्तीच्या पायावर डोकं ठेवायला आपण इतके दिवस चालत जातो. मेंढीच्या त्या काळ्या लोकरीला कोणी रंग दिलेला नसतो. ती तशीच जन्माला येते. तिचीच घोंगडी पावसात माणसाला कोरडं ठेवते.

आज रात्री एवढं करून बघा. एका कागदावर आपल्या गेल्या वर्षाचे बारा महिने लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचा रंग. जो महिना वगळावासा वाटेल तिथे थोडं थांबा. काही सुचलं नाही तर नाव घ्या. नावही नको वाटलं तर गप्प बसा, पण तो महिना खोडू नका. आणि ओळखीत कोणाचा माग सध्या बंद असेल, तर त्यांच्याकडे जाऊन या. उपदेश घेऊन जाऊ नका, नुसते पडवीत बसा.

हे पांडुरंगा, जिथे तू दिसत नाहीस तिथेही आम्हाला धरून ठेव.

राम कृष्ण हरी.